पुढे काय येऊ शकतं

भिवंडीत राहणाऱ्या माणसाच्या कानाला एक सवय लागते. समोरचा बोलायला लागला की पहिल्या एक-दोन शब्दांतच कान ठरवून टाकतो, आता पुढे काय येणार. 'मना' ऐकू आलं की पुढचं वाक्य आगरीत येणार. 'मेरे को' आलं की मुंबईची हिंदी. पद्मानगरात पहिला शब्द तेलुगू असू शकतो, निजामपुऱ्यात उर्दू, अंजूरफाट्याला ट्रकवाल्याच्या तोंडून भोजपुरी. आणि हे सगळं आपण वाक्य संपायच्या आत करतो. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबलो तर रिक्षा निघून जाईल.

मला ज्या कामाचा पगार मिळतो ते काम साधारण हेच आहे. फक्त मी माणसांचं बोलणं ऐकत नाही, प्रोग्रामचं ऐकणारा प्रोग्राम सांभाळते. त्याला पार्सर म्हणतात. तुम्ही कुठल्याही भाषेत कोड लिहिलात, सी असो, जावा असो, की एसक्यूएल, तर तो चालायच्या आधी एक पार्सर तो डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ठरवतो की हे वाक्य या भाषेतलं आहे का, आणि असेल तर त्यात कोण कोणाला जोडलेलं आहे. काम बिनचेहऱ्याचं आहे. ते नीट चाललं तर कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. चाललं नाही तर दोनच शब्द दिसतात : सिंटॅक्स एरर.

हे दोन शब्द कोणाला दिसतात आणि दिसल्यावर त्या माणसाचं काय होतं, यावर मला लिहायचं आहे. पण आधी यंत्र उघडून दाखवते.

* * *

आमच्या तालुक्यातलं एक वाक्य घेऊ. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यात जिथे एकेकाळी भाताची खाचरं होती तिथे आता गोदामं आहेत. त्यातल्या कुठल्याही गोदामात दिवसातून दहा वेळा ऐकू येईल असं वाक्य :

फाटक्या पिशव्या आणि चादरी काढ.

पार्सरला हे वाक्य एका वेळी एकच शब्द दिसतं. त्याच्याकडे नियमांची एक यादी असते, तिला व्याकरण म्हणायचं. समजा 'वस्तू' या नावाचे आपण तीन नियम केले :

वस्तू → नाम
वस्तू → विशेषण वस्तू
वस्तू → वस्तू 'आणि' नाम

यात दोन प्रकारची चिन्हं आहेत. 'आणि', नाम, विशेषण ही प्रत्यक्ष वाक्यात येणारी चिन्हं. त्यांना टर्मिनल म्हणतात, कारण तिथे प्रवास संपतो. 'वस्तू' हे चिन्ह वाक्यात कधीच दिसत नाही. ते आपल्या डोक्यातलं नाव आहे, दोन-चार शब्दांच्या गठ्ठ्याला दिलेलं. त्याला नॉन-टर्मिनल म्हणतात. शाळेत आपण वाक्यात 'उद्देश्य' आणि 'विधेय' अधोरेखित करायचो, तेव्हा हेच करत होतो. 'उद्देश्य' हा शब्द त्या वाक्यात कुठेच नसायचा, तरी बाईंना तो हवा असायचा.

आता पार्सर दोनच कामं करतो. एक, पुढचा शब्द उचलून थप्पीवर ठेवायचा. इंग्रजीत थप्पीला स्टॅक म्हणतात, पण गोदामात वाढलेल्या माणसाला थप्पी पटकन कळते. या कामाला शिफ्ट म्हणतात. दुसरं, थप्पीच्या वरचे काही शब्द मिळून एखादा नियम पूर्ण होत असेल तर ते काढून त्यांच्या जागी त्या नियमाचं नाव ठेवायचं. याला रिड्यूस म्हणतात. 'पिशव्या' काढून 'वस्तू' ठेवली, 'फाटक्या' आणि 'वस्तू' काढून पुन्हा 'वस्तू' ठेवली. असं करत करत शेवटी थप्पीवर एकच नाव उरलं, 'वाक्य', की काम फत्ते.

पण कधी शिफ्ट करायचं आणि कधी रिड्यूस? दर वेळी थप्पी खालपर्यंत उपसून बघायची म्हटलं तर दिवस जाईल. याचं उत्तर डोनाल्ड क्नूथ यांनी १९६५ साली एका शोधनिबंधात दिलं. थप्पीत आतापर्यंत जे जे आलं आहे त्यातलं पुढच्या निर्णयाला लागणारं सगळं एका आकड्यात मावतं. त्या आकड्याला स्टेट म्हणतात, आपण स्थिती म्हणू. थप्पी कितीही उंच असू दे, स्थिती मोजक्याच असतात. कुठल्या स्थितीत कुठला शब्द समोर आला तर काय करायचं याचा एक तक्ता आधीच बनवून ठेवता येतो. मग पार्सर फक्त तक्त्यात बोट ठेवत जातो.

क्नूथ यांची पद्धत बिनचूक होती, पण तक्ते अवाढव्य व्हायचे आणि तेव्हाच्या कॉम्प्युटरची मेमरी चिमूटभर. १९६९ साली फ्रँक डीरेमर यांनी एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात तक्ता लहान करायची युक्ती मांडली. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी त्या युक्तीवर याक नावाचं अवजार बनवलं. तुम्ही व्याकरण लिहून द्या, तक्ता ते बनवेल. याकचा नंतरचा भाऊ म्हणजे बायसन, जे मी रोज वापरते. बायसनला सांगितलं तर ते सगळ्या स्थितींची एक फाइल काढून देतं. त्या फाइलमध्ये प्रत्येक स्थिती म्हणजे काही अर्धवट नियम आणि प्रत्येकात एक ठिपका :

वस्तू → विशेषण • वस्तू

ठिपक्याच्या डावीकडे जे ऐकून झालं ते. उजवीकडे जे अजून यायचं आहे ते. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला 'एसपीसीसी' नावाचा पेपर असतो, त्यात हे ठिपके आम्ही पानंच्या पानं काढले. हाताशी आयआयटी मुंबईचे प्राध्यापक डी. एम. ढमढेरे यांचं सिस्टिम प्रोग्रामिंगचं पुस्तक, आणि ज्याला ड्रॅगन बुक म्हणतात ते आहो, सेठी, उलमन यांचं जाड पुस्तक, ज्याच्या मुखपृष्ठावर योद्धा ड्रॅगनवर चालून जातो. तेव्हा मार्कांसाठी ठिपके सरकवले. ठिपका ही सहनशक्तीची खूण आहे हे नोकरी लागल्यावर कळलं. इतकं ऐकलंय, इतकं ऐकायचंय, आणि तोवर निष्कर्ष काढायचा नाही.

मराठी माणसाला ही सहनशक्ती अंगवळणी पडलेली असते. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'मी काल त्याला स्टेशनवर तुझे पैसे' इथपर्यंत ऐकूनही दिले, मागितले की मोजले ते कळत नाही. आपण सगळं थप्पीवर ठेवून वाट बघतो.

* * *

आता ते गोदामातलं वाक्य पुन्हा बघा. चादरीसुद्धा फाटक्या आहेत का?

'फाटक्या पिशव्या' इतकं ऐकून झालं आहे आणि समोर 'आणि' उभा आहे. पार्सरपुढे दोन रस्ते. 'फाटक्या पिशव्या' हा गठ्ठा आत्ताच बांधून टाकला, म्हणजे रिड्यूस केलं, तर फाटक्या फक्त पिशव्या. 'आणि' आधी थप्पीवर घेतला, म्हणजे शिफ्ट केलं, तर पिशव्या आणि चादरी मिळून एक वस्तू आणि ती सगळी फाटकी. दोन्ही रस्ते व्याकरणाला मान्य. याला शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट म्हणतात. बायसन अशा वेळी एक इशारा देतं आणि आपलं ठरलेलं उत्तर निवडतं, शिफ्ट. म्हणजे आमच्या गोदामात सगळ्या चादरी, चांगल्यासुद्धा, बाजूला निघणार.

मराठीत लिंगवचनाने कधी कधी वाचतो आपण. 'फाटके शर्ट आणि चादरी' म्हटलं तर 'फाटके' चादरींना लागत नाही, हे कानच सांगतो. पिशव्या आणि चादरी दोन्ही स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून अडलं. पण गोदामात हे वाक्य ऐकणारा माणूस अडत नाही. तो बोलणाऱ्याच्या हाताकडे बघतो.

याहून जुना आणि जास्त त्रासाचा प्रकार 'नाहीतर'चा :

ट्रक आला तर माल पॅक असेल तर भर, नाहीतर थांब.

हे 'नाहीतर' कुठल्या 'तर'चं? जवळच्या 'तर'चं असेल तर अर्थ असा की ट्रक आला आहे पण माल पॅक नाही, तेव्हा थांब. ट्रक आलाच नाही तर काय करायचं ते सांगितलेलंच नाही. लांबच्या 'तर'चं असेल तर ट्रक आला नाही तर थांब, आणि ट्रक येऊनही माल पॅक नसेल तर काय ते सांगितलेलं नाही. १९६० सालच्या अल्गोल या प्रोग्रामिंगच्या भाषेपासून हा प्रश्न प्रोग्रामिंग भाषांच्या मागे लागला आहे. त्याचं नावच डँगलिंग एल्स, लोंबकळणारं नाहीतर. सी आणि तिच्यासारख्या भाषांनी नियम करून टाकला की ते जवळच्या 'जर'ला लागेल. बायसनचं शिफ्ट हे ठरलेलं उत्तरही तेच देतं.

हे उत्तर बरोबर आहे का? बरोबर-चूक असं काही नाही, ते ठरवलेलं आहे. सगळ्यांनी एकच ठरवलं की काम चालतं. व्याकरणातल्या पुष्कळ गोष्टी अशाच असतात. रस्त्याने डावीकडून गाडी चालवण्यासारख्या.

* * *

या विषयावर लिहायचं म्हणजे एका व्हॉट्सअॅप मेसेजला वळसा घालून जाता येत नाही. 'नासाने मान्य केलंय की संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा आहे.' मी पार्सरवर काम करते म्हटल्यावर तो मला आजवर किमान चार काकांनी पाठवला आहे. त्याचं मूळ १९८५ सालच्या एका लेखात आहे. नासाशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांनी 'एआय मॅगझिन'मध्ये लिहिलं होतं की संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या काटेकोर पद्धतीने उलगडून मांडत, ती पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञान मांडण्याच्या पद्धतीशी जुळते. तो एका संशोधकाचा लेख होता. नासाचा ठराव नव्हता, आणि कुठला कॉम्प्युटर संस्कृतवर चालतही नाही.

वाईट याचं वाटतं की या मेसेजमुळे खरी गोष्ट झाकली जाते, आणि ती त्याहून भारी आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रांमध्ये एका जिवंत भाषेचं वर्णन केलं, आणि ते करण्यासाठी वर्णन करायची वेगळी भाषा घडवली. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि' होतं, 'अति' आणि 'अंत' मिळून 'अत्यंत'. 'इ'चा 'य' होतो, पण केव्हा? पुढे वेगळा स्वर असेल तेव्हाच. पाणिनी हे तीन तुकड्यांत सांगतो : काय बदलायचं, काय ठेवायचं, पुढे काय असताना. आणि कुठला तुकडा कुठला हे सांगायला तो विभक्ती वापरतो. जे बदलायचं ते षष्ठीत, जे पुढे असायला हवं ते सप्तमीत. पुढच्या एका चिन्हाकडे बघून आत्ताच्या चिन्हाचं काय करायचं ते ठरवणं, याला आमच्या धंद्यात लुकअहेड म्हणतात. प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण लिहायची आजची पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडली आणि पीटर नॉर यांनी अल्गोलच्या अहवालात वापरली, म्हणून ती बॅकस-नॉर फॉर्म. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी एका पत्रात सुचवलं की तिला पाणिनी-बॅकस फॉर्म म्हणावं. नाव काही बदललं नाही. काकांना मी हे लिहून पाठवते. ते अंगठा पाठवतात.

मला पाणिनीत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लोक कसं बोलतात ते त्याने ऐकलं, आणि इकडचे असं म्हणतात, पूर्वेकडचे तसं म्हणतात, हेही नोंदवलं.

* * *

माझी कंपनी ठाण्याजवळ आहे आणि गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठला माल कधी थांबवायचा, कुठला आधी सोडायचा हे नियम गोदामवाल्यांना स्वतः लिहिता यावेत म्हणून त्यात एक छोटी भाषा आहे. इंग्रजीच आहे, पण दहा-बारा शब्दांची. इफ, देन, होल्ड, रिलीज. तिचं व्याकरण मी कंपनीत येण्याआधी कोणीतरी लिहून गेलं होतं. तीन वर्षांपासून ती फाइल माझ्याकडे आहे.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मानकोलीच्या बाजूला एका गोदामात सुपरवायझर आहे. बारावीनंतर तो तिथेच लागला. पन्नास हमालांना एका आवाजात कामाला लावणारा माणूस. आमचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे बसवलं गेलं, आणि एका रात्री त्याने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याने लिहिलं होतं :

इफ वजन > ५००, होल्ड

खाली लाल अक्षरांत : सिंटॅक्स एरर, लाइन १. आणि फोटोखाली दादाचा मेसेज : 'मना काय समजत नाय. आपल्याला नाय जमाचा ह्या. तूच बघ.'

त्याचं वाक्य वाचून कोणाही माणसाला कळेल त्याला काय म्हणायचंय. 'देन'च्या जागी त्याने स्वल्पविराम दिला होता. बोलताना आपण तिथे 'तर' गिळून नुसते थांबतोच ना? 'वजन जास्त असेल, ठेव बाजूला.'

पण मला झोंबलं ते वेगळं. त्या क्षणी पार्सर ज्या स्थितीत होता ती मी तक्त्यात बघितली. त्या स्थितीत ठिपका कुठे आहे ते स्पष्ट होतं. 'इफ' झालं, अट झाली, आता 'देन' यायला हवं. किंवा 'अँड', किंवा 'ऑर'. बस. यंत्राला नेमकं माहीत होतं की ते कशाची वाट बघतंय. प्रत्येक स्थिती म्हणजे दुसरं काय, वाट बघण्याचीच यादी. आणि ती यादी हातात असून ते दादाला फक्त एवढंच म्हणालं की तू चुकलास.

यावर उपाय नवा नाही. बायसनला एका ओळीत सांगता येतं की चूक दाखवताना काय अपेक्षित होतं तेही सांग. आमच्या फाइलमध्ये ती ओळ कोणी घातलीच नव्हती. घातली तरी एक मेख असते. तक्ता लहान करायच्या नादात पार्सर चूक लक्षात यायच्या आधीच काही गठ्ठे बांधून मोकळा होतो, त्यामुळे यादीतून काही शब्द गळतात. '५००'च्या पुढे '+ १००' सुद्धा चाललं असतं, पण यादीत अधिकचं चिन्ह दिसणार नाही. त्यासाठी बायसनमध्ये वेगळी सोय आहे, ती सुरू केली की समोरचा शब्द आधी कोरडा चालवून बघितला जातो आणि मगच गठ्ठे बांधले जातात. थोडा वेळ जास्त लागतो. गोदामाच्या नियमाला तो काही भारी नाही.

मी मॅनेजरसमोर हे मांडलं. ते म्हणाले, "अगं, एररचा मेसेज कोण वाचतं? आता एआय लावू या ना, काहीही लिहिलं तरी समजेल." प्रश्न चुकीचा नाही. आजकाल चॅटजीपीटीला तुम्ही अर्धं मराठी, अर्धं हिंदी, शुद्धलेखनाच्या सगळ्या चुकांसकट विचारा, ते समजून घेतं. मग ठिपके सरकवणारं हे साठ वर्षांपूर्वीचं यंत्र कशाला?

कारण ते अंदाज करत नाही. 'फाटक्या पिशव्या आणि चादरी'चा अंदाज चुकला तर चांगल्या चादरी परत जातात, आणि त्याचा जाब दादाला द्यावा लागतो, सॉफ्टवेअरला नाही. ज्या वाक्यावर ट्रक सुटणार आहे ते वाक्य ऐकणाऱ्याने 'मला वाटलं' म्हणून चालत नाही. काहीही चालतं असं म्हणणारं व्याकरण म्हणजे व्याकरण नाहीच. मला पार्सर सैल करायचा नव्हता. त्याने जे मनात ठेवलं होतं ते बोलून दाखवावं, एवढंच हवं होतं. मॅनेजरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवसांत होत असेल तर कर.

* * *

'तू चुकलास' इथे थांबणारं व्याकरण मी आधी भेटलेलं आहे.

आमच्या घरात आगरी बोलतात. पाण्याला पानी, गाडीला गारी, डोळ्याला डोला. 'मला' नाही, 'मना'. 'तुला' नाही, 'तुना'. मराठी शाळेत पहिल्याच वर्षी मी 'बाई, मना पानी पायजे' म्हटलं आणि वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, अशुद्ध बोलू नये. शुद्ध काय ते मी ऐकून ऐकून उचललं, आणि लवकर उचललं, कारण मुलं उचलतात. आई नाही उचलू शकली. शाळेच्या पालकसभेत ती मागच्या बाकावर बसायची आणि तिथून एक शब्द बोलायची नाही. घरी आल्यावर मात्र सभेतल्या प्रत्येकाची नक्कल करून दाखवायची.

बायसनमध्ये चुकीतून सावरायची एक रीत आहे. चूक सापडली की पार्सर थप्पीवरचे काही थर काढून टाकतो, जिथून पुन्हा सुरुवात करता येईल अशा जागी येतो, आणि मग सलग तीन शब्द नीट येईपर्यंत नवी चूक कळवत नाही. तीन शब्दांची सवलत. एका चुकीतून दहा चुका दिसू नयेत म्हणून. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पालकसभा आठवली. आईला तीन शब्द कोणी दिले नसते, असं तिला वाटायचं. ते खरं होतं की नाही, ते बघायची तिची हिंमत झाली नाही.

'मना' ही 'मला'ची मोडतोड आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. पण मोडतोड अशी नियमाने होत नाही. 'मला-तुला'च्या जागी 'मना-तुना' येतं, दर वेळी येतं, गावातली सगळी माणसं तसंच म्हणतात, आणि कोणी 'तुना'च्या जागी भलतंच काही म्हटलं तर आजी त्याला सुधारते. म्हणजे इथेही नियम आहेत, चिन्हं आहेत, पुढे काय येऊ शकतं याची यादी आहे. फक्त तक्ता दुसरा आहे. शाळेने माझं वाक्य स्वतःच्या तक्त्यात घालून बघितलं आणि लाल शाई काढली.

मराठीचा छापील तक्ता कसा बनला त्याचा इतिहास मोठा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे. या माणसांनी केलेलं काम अफाट आहे आणि त्यावर उभं राहूनच मी हे लिहिते आहे. हा लेख आगरीत लिहिला असता तर तुमच्यापैकी कितीजण इथवर आले असते? सगळ्यांनी एक काहीतरी ठरवावं लागतं, 'नाहीतर' कुठल्या 'तर'चं ते ठरवावं लागतं तसं. पण ठरवलेलं आणि शुद्ध या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसरा तक्ताही कोणीतरी लिहीत आलं आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली आला, त्यात आगरीचे नमुने आहेत. आणि आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन माणसांचं बोलणं रेकॉर्ड केलं, कुठल्या गावात कुठला प्रत्यय लागतो ते नोंदवलं, आणि ते ऑनलाइन ठेवलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लोकलमध्ये होते, कानात हेडफोन. कोणीतरी अनोळखी माणूस आपल्या गावच्या बोलीत बोलत होता आणि कोणीतरी त्याला मध्ये न थांबवता ऐकत होतं.

* * *

दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. यादी काढणं सोपं होतं. ती माणसाला कळेल अशी सांगणं अवघड. बायसनच्या आत प्रत्येक चिन्हाला आकडा असतो. शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे सुट्या अक्षरांसाठी, २५६ चुकीसाठी राखून ठेवलेला, आणि आपल्या स्वतःच्या चिन्हांची गिनती २५८ पासून सुरू. ते आकडे कोणाला दाखवण्यात अर्थ नाही. चिन्हाचं नाव दाखवावं तर आमच्या फाइलमधली नावं भलतीच, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली. मग एकेका चिन्हाला माणसात वापरायचं नाव दिलं. सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा पर्याय होताच, त्यासाठी मराठी मेसेज लिहायला घेतले.

पहिला मसुदा असा होता : 'अपेक्षित चिन्ह आढळले नाही.' व्याकरण शुद्ध, आणि कोणाला काही सांगत नाही. सरकारी फॉर्मवर असतं तसं वाक्य. दुसरा मसुदा : 'स्वल्पविराम येथे अनुज्ञेय नाही.' तो तर पहिल्याहून वाईट.

रविवारी घरी लॅपटॉप उघडून बसले होते. आई शेजारी कोलीम निवडत होती. तिने विचारलं, काय चाललंय. मी तिला दादाची गोष्ट सांगितली. यंत्राला माहीत होतं काय हवं होतं, आणि ते नुसतं चूक चूक म्हणत बसलं, असं.

तिने हातातलं ताट खाली न ठेवता म्हटलं, "मंग काय पायजे त्या सांगाचा ना."

मी तिला मग एकेक मेसेज वाचून दाखवला. जिथे तिच्या कपाळावर आठी आली तो बदलला. 'अनुज्ञेय' गेलं. 'अपेक्षित' गेलं. 'चिन्ह' तिला देवळातलं वाटलं, तेही गेलं. शेवटी जे उरलं ते असं आहे आणि पुढच्या आवृत्तीत ते दादाच्या स्क्रीनवर गेलं :

'वजन > ५००' इथपर्यंत समजलं. यापुढे 'देन', 'अँड' किंवा 'ऑर' हवं. तुम्ही ',' दिला आहे.

मॅनेजरांनी एकच बदल सुचवला, 'समजलं' काढू या, यंत्राला काय समजतं. मी ते ठेवायला लावलं. ठिपक्याच्या डावीकडे जे आहे ते वाया गेलेलं नाही, हे माणसाला कळायला हवं असतं. चूक सांगण्याआधी.

दादा आता नियम लिहितो. अजूनही दर दोन-तीन नियमांत कुठेतरी 'देन' विसरतो, मेसेज वाचतो, घालतो, पुढे जातो. मला फोटो येणं बंद झालं आहे.